उघडाईच्या माळावर कापडाची गाडी

उघडाईला छप्पर चालत नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेवढंच आहे.

सेनगाव ओलांडून वऱ्हाडच्या हद्दीकडं निघालं की टेकड्या लागतात. त्यातल्या एका टेकडीच्या पोटाशी, पळसाच्या आणि बोरीच्या रानात, ही देवी उघड्यावर बसली आहे. कोण्या भाविकानं एकदा तिच्या डोक्यावर पत्रे घातले होते. ते पहिल्याच वावटळीत उडाले आणि त्या भाविकाच्याच ज्वारीत जाऊन पडले. तेव्हापासून रीत पडली, की देवी उघड्यावर तर भक्तानंही छपराखाली निजायचं नाही. नवस फेडायला आलेल्यानं माळावर एक रात्र काढायची, ती कापडाखाली. लाकूड नाही, पत्रा नाही, कौल नाही. संध्याकाळी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, तिथंच खायचे, ओढा ओलांडून एक घासही घरी आणायचा नाही. सकाळी सूर्य निघताना, ज्याच्यासाठी नवस बोलला असेल त्यानं, नवस बोलणारीचं नाव डोंगराला ऐकू जाईल असं मोठ्यानं घ्यायचं. म्हणजे नवस फिटला.

रीत चांगली आहे. फक्त त्या रानात अस्वलं आहेत.

नवस माझ्या बायकोनं बोलला होता, माझ्या गळ्यासाठी. मी हिंगोलीच्या एस. टी. स्टँडवर कंट्रोलर. कोणती गाडी कुठं लागली, कोणती यायची आहे, कोणती येणारच नाही, हे ओरडून सांगणं हे माझं काम. काही वर्षांमागं माझ्या गळ्यात गाठ झाली. नांदेडला ती कापून काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तेव्हा तिनं उघडाईला सांगितलं, ह्यांचा आवाज येऊ दे, आमी दोघं येऊन तुझ्या माळावर राहू. आवाज आला. पहिल्यापेक्षा मोठा आला. मग तीच म्हणायला लागली, "हळू बोला की जरा. हे स्टँड न्हाई."

पण मला हळू येत नव्हतं. घरात उंदीर दिसला, चष्मा सापडेना, दूध उतू गेलं, काहीही झालं की मी तिला नाव घेऊन हाक मारायचो. "अगं" म्हटलं असतं तर आमच्या आळीतल्या चार बाया वळल्या असत्या. शेजारचे अमृतराव म्हणायचे, "आमच्या घड्याळाला किल्ली लागत न्हाई. संपतरावाचा चष्मा हरवला की आठ वाजले."

माळावर जायचं मात्र दरसाल राहूनच गेलं, आणि मागच्या श्रावणात ती तापानं गेली. त्या दिवसापासून तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. मी काही तसं ठरवलं नव्हतं. निघतच नव्हतं. स्टँडवरही आवाज असा बसला, की मी गोपीचंद हमालाच्या कानात सांगायचो आणि तो माझ्या वतीनं ओरडायचा. औंढ्याच्या गाडीला तो इतकं ओढून पुकारायचा, की पुकारून होईपर्यंत गाडी निघून जायची.

संक्रांतीनंतर तिची थोरली बहीण नरसीहून आली. रुक्माबाई. मी त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही आणि विषय काढला.

"दाजी, वर्षाच्या आत नवस फेडा. न्हाईतर त्यो तिच्या मागं लागून राहील. जितेपणी बोलली, आता ती बिचारी तिथून कशी येणार?"

"दिवसा जाऊन येतो."

"दिवसा जाऊन यायला ती काय तहसील हाय? रात्र काढा लागती. आन् नाव तुमालाच घ्यावं लागंल. गळा तुमचा होता."

मी म्हटलं, "बघू."

"बघू काहून? नाव घेता येतंय ना?"

मी चहा ठेवायला उठलो. चहा मला करता येत नाही, हे अक्कांना माहीत होतं.

अमृतराव तहसिलीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. जगातला कोणताही विषय त्यांच्या टेबलावरून एकदा गेलेला असतो. अस्वलाचाही गेला होता.

"जमिनीवर तंबू मारू नका," ते म्हणाले. "अस्वलाला पाटावर वाढल्यासारखं होईल. उंच पाहिजे. बैलगाडी करा."

बैलगाडीवर तट्ट्या असतो आणि तट्ट्या बांबूचा असतो. अक्का म्हणाल्या, बांबू म्हणजे लाकूडच. आम्ही तट्ट्या काढून नुसतं कापड टाकायचं म्हटलं, तर त्या म्हणाल्या की गाडीच्या साट्याचे दांडे खांद्याच्या वर येतात, ते देवीला दिसतात. देवीला काय काय दिसतं हे अक्कांनाच ठाऊक असल्यामुळं बैलगाडीचा विचार सोडावा लागला.

तेव्हा अमृतरावांना शंकरसिंग आठवला. रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. मिल्ट्रीनं काढून टाकलेला माल तो लिलावात घेतो. त्याच्या दुकानामागं जीपच्या पाठीमागं जोडायची एक दोन चाकी गाडी पडलेली होती. खाली लोखंडाची पेटी, वर लोखंडी कमानी आणि चारी बाजूंनी हिरवं जाड कापड. लाकूड कुठंच नव्हतं आणि लोखंडाचं रीतीत काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून अक्कांचीही हरकत राहिली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

"संपतराव, ये ट्रेलर नै, चलता फिरता बंगला है," शंकरसिंग म्हणाला. "बम गिरा तो बी कपडे को कुच नै होता."

कापडाला एक मोठं भोक होतं. मी विचारलं, हे काय?

"खिडकी है."

"आणि हे दुसरं?"

"सामने की खिडकी. हवा आरपार जाती."

भोकं मी शिंप्याकडून बुजवून घेतली. आतल्या बाजूला काडतुसांसाठी की कशासाठी, कापडाचे मोठे मोठे खिसे शिवलेले होते. अमृतरावांना ते खिसे फार आवडले. ते म्हणाले, मी सोबत येतो, ही उजवी बाजू माझी. मला त्यांचा मोठेपणा वाटला. अस्वलाच्या रानात स्वतःहून कोण येतं?

गाडी घरासमोर आली तेव्हा आळी जमली. पोरांनी आधीच्या अंड्यांची चौकशी केली. कोणी म्हणालं, संपतराव आता फिरतं हॉटेल काढणार. कोणी म्हणालं, दुसरं लग्न करून हिच्यातच वरात काढणार. मी नियंत्रक आहे, माझ्या हाताखालून रोज कितीतरी गाड्या जातात, पण ह्या एका गाडीनं माझी जी शोभा केली ती कुठल्या गाडीनं केली नाही.

आता हिला ओढणार कोण? जीप लावली तर नंबर पाहिजे. म्हणून मी मोटारींच्या कचेरीत गेलो. आणीबाणीचे दिवस होते. भिंतीवर लिहिलेलं होतं, कमी बोला, जास्त काम करा. तिथला कारकून ह्यातला पहिला अर्धा भाग कडकपणे पाळत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "इंजिन हाय?"

"न्हाई. बैलं लावली तरी चालतंय."

"बैल आमच्याकडं येत न्हाई. नगरपालिका."

नगरपालिकेत बैलगाडीचा बिल्ला देतात. तिथल्या माणसानं बाहेर येऊन चाकं पाहिली. "रबरी चाकं. लोखंडी पेटी. ही कशी बैलगाडी होईल?"

"बैल ओढतील ना."

"मी ओढली तर हातगाडी होईल का?"

शेवटी अमृतरावांनी, सगळी हयात सरकारी नोकरीत घालवलेल्या माणसाच्या अनुभवानं, एक लाल फडकं काठीला बांधलं आणि कापडावर चुन्यानं लिहिलं, 'देवीकार्य'. त्यानंतर आम्हाला जाताना येताना कोणी नंबर की बिल्ला विचारला नाही. एका चौकीवर तर शिपाई पाया पडला.

खरी अडचण जंगलखात्याची. रानात मुक्काम करायचा तर परवानगी लागते. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि मला खाली बसायला सांगितलं, म्हणजे मामला गंभीर होता.

"कापडाच्या गाडीत? तिथं?"

"देवीला छप्पर चालत नाही, साहेब."

"अस्वलाला कापड चालतं. एका नखाचं काम आहे." त्यांनी डोळे मिटून विचार केला. "देवीचं अडवता येत नाही. पण अटी घालतो. गाडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, चण्याचा दाणासुद्धा नाही. स्वयंपाक गाडीपासून लांब करायचा. उरलेलं लांबच्या झाडाला उंच टांगायचं. गोडाला तर हातच लावायचा नाही. मध, गूळ, साखर, काही नाही. वासाचं तेल नाही. आणि बोलत राहायचं, अस्वलाला माणूस आहे हे लांबून कळलं पाहिजे. नवस बोलणाऱ्या बाईंचं नाव?"

मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग त्यांच्यासमोरचा कागद ओढून नाव लिहून दिलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि आपला चहा माझ्यापुढं सरकवला.

परवानगीच्या खाली कारकुनानं आपल्या अक्षरात भर घातली होती: 'अस्वलाने अर्जदारास खाल्ल्यास अर्जदाराने स्वतः हजर राहून तात्काळ कळवावे.' मी सही केली. सरकारी कागदावर शंका काढायची नसते.

ह्या अटी आळीभर झाल्या आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. अस्वल गुदगुल्या करून माणूस मारतं, हे आपल्याकडं लहान लेकराला माहीत आहे. हसून हसून जीव जातो. त्यावर उपाय म्हणजे हसायचं नाही. अमृतराव रोज संध्याकाळी ओट्यावर बसून न हसण्याचा सराव करू लागले. त्यांची बायको पद्माबाई त्यांना बरगडीत बोट लावायची आणि ते पहिल्याच बोटाला ओरडायचे.

"ह्यांचं काही खरं न्हाई, भाऊजी," पद्माबाई मला म्हणाल्या. "हे पहिलेच जातील. तुमी पळा."

त्याच पद्मावहिनींनी एका दरवेश्याकडून अस्वलाच्या केसांचा ताईत आणला आणि गाडीच्या कमानीला बांधला.

मी म्हटलं, "वहिनी, ह्या वासानं ते आपल्याच माणसाचं घर समजून आत येईल."

"येऊ द्या. घरचं समजल्यावर खाईल कशाला?"

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक ध्यानात ठेवा. ह्यांना साखरेचा आजार हाय. देवीचा परसाद म्हणून सुद्धा गोडाचा कण देऊ नका. मी घरातले सगळे डबे हुंगून पाहते. तुमी तिथं हुंगा."

मी अमृतरावांना हुंगायचं कबूल केलं. ते काम मी केलं नाही. ती चूक आहे.

गाडी ओढायला कोंडीबा आला. त्याचे बैल शांत आणि तो त्यांच्याहून शांत. त्यानं गाडीच्या पुढच्या हुकाला बाभळीची दांडी बांधली, तिला जू लावलं, आणि कापडाकडं बघून एवढंच म्हणाला, "आमी खाली झोपतो. तोंडावर धोतर घेतलं की झालं कापड."

आत आम्ही तिघं. एका कापडाखाली मी, अमृतराव आणि अक्का, हे बरं दिसणार नाही म्हणून अक्कांनी मधोमध पडदा शिवून घेतला होता. पडद्याच्या मागच्या बाजूला त्या, पुढच्या बाजूला आम्ही दोघं. रस्त्यानं कोणी विचारलं की अक्का कापडातून डोकं बाहेर काढून सांगायच्या, "हे माझ्या बहिणीचे मालक. ते परके गृहस्थ हायेत. मधी पडदा हाय." न विचारणाऱ्यांनाही सांगायच्या.

सेनगावला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत आम्ही ओढ्यावर पोचलो. तिथं फॉरेस्टगार्ड मसाजी वाट पाहत उभा होता. त्याला साहेबांनी गाडी तपासायला पाठवलं होतं. त्यानं वाकळा झटकल्या, माझी पिशवी पाहिली, अक्कांचा तेलाचा बुधला जप्त केला, आणि ताईत पाहून दोन पावलं मागं सरला.

"आतल्या खिशात काय?"

"माझी औषधं," अमृतराव म्हणाले. "साखरेची."

आजारी माणसाच्या औषधाला हात कोण लावतो? मसाजीनं लावला नाही.

"रात्री तुम्ही इथं थांबणार ना?" मी विचारलं.

"मी?" तो हसला. "साहेब, मला ह्या रानात नोकरी करायची हाय. आलंच तर गडबड करू नका. सकाळी येतो. कोण कोण उरलं ते लिहून घ्यायला लागतंय."

बैल सोडून कोंडीबानं ते लांब बांधले. गाडीला चाकं दोनच, म्हणून तिच्या पुढं एक आणि मागं एक असे दगड लावून ती सपाट केली. टेकडीखाली रोडगे भाजले. अक्कांनी पीठ नवसाच्या हिशोबानं मळलं होतं, खाणाऱ्यांच्या हिशोबानं नाही. आम्ही चौघांनी कण्हत कण्हत खाल्लं तरी टोपलं अर्धं भरलेलं. आता पंचाईत पाहा. देवी म्हणते, घरी न्यायचं नाही. सरकार म्हणतं, गाडीत ठेवायचं नाही आणि रानात टाकायचं नाही. पोट म्हणतं, बस्स. टोपलं दोरीला बांधून लांबच्या पळसावर टांगलं. आम्ही हात राखेनं घासले, तोंडं धुतली. अटी अगदी बराबर पाळल्या. असं मला वाटत होतं.

अंधार पडायच्या आधी अक्का मला देवीपुढं घेऊन गेल्या. देवी म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा, समोर टेकडी.

"दाजी, उद्या एकदम जमायचं न्हाई. आत्ता एकदा घेऊन बघा."

मी तोंड उघडलं. टेकडीकडं पाहिलं. मी काय काय पुकारलेलं आहे आयुष्यात. वाशीम, रिसोड, कळमनुरी, सगळी गावं ह्या तोंडातून गेलेली आहेत. पण ते एक नाव गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. मला खोकला आला.

"थंडी हाय," मी म्हटलं.

"व्हय. थंडी हाय," अक्का म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "न्हाई जमलं तर वापस जाऊ. पण मग तिचं तसंच राहील, दाजी."

त्या रात्री अमृतरावांनी बोलत राहण्याची अट फारच मनावर घेतली. निजामाच्या काळातल्या महसुलाची पद्धत त्यांनी मला समजावून सांगितली. अस्वल त्या रात्रीत जवळ आलं नाही ह्याचं मला आश्चर्य वाटत नाही. पुढं त्यांचा आवाज मंद झाला, मधूनमधून चोखल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं, अमृतरावांना दात नाहीत, झोपेत होत असेल. मी जागाच होतो. ते नाव मनात म्हणून पाहत होतो. मनात येत होतं.

पूर्वेला जरासं उजळलं, एवढंच की कापड हिरवं आहे हे कळावं. तेव्हा अमृतराव कुजबुजले, "संपतराव, ढकलू नका हो."

"मी कुठं ढकलून राहिलो? मी इकडं आहे."

"मग अक्का असतील."

पडद्यामागून अक्का कडाडल्या, "मी देवीचं नाव घेत बसले इथं! तोंड सांभाळून बोला!"

"मग कोंडीबा."

गाडीखाली कोंडीबा घोरत होता. ते आम्ही तिघांनीही ऐकलं.

अमृतरावांच्या डोक्याशी कापड आत फुगलं. बाहेर लोहाराचा भाता चालावा तसा कोणी तरी श्वास ओढत होतं. वास आला, ओल्या घोंगड्याचा. मग शंकरसिंगाच्या, बम पडला तरी काही न होणाऱ्या कापडाला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली आणि आत एक हात आला. काळा, केसाळ, बोटाएवढ्या लांब नखांचा. तो हात आमच्यातल्या कोणालाही काही न करता सरळ उजव्या खिशात गेला. जाताना अमृतरावांच्या बरगडीला घासून गेला.

अमृतराव हसायला लागले.

मी आयुष्यात असं हसणं ऐकलेलं नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून "अयाया", आणि हसणं. इतक्या दिवसांचा सगळा सराव वाया गेला.

"काहून हसून राहिलेत सकाळच्या पारी?" अक्का पडद्यामागून ओरडल्या. "देवाचं ठिकाण हाय!"

खिशातून हात बाहेर जाईना. खिसा अडकला होता. मग त्या चिरेतून थोबाड आत आलं. लांबट, फिकट नाकाचं. त्यानं बारीक डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मसाजीनं सांगितलं होतं, गडबड करू नका. साहेबांनी सांगितलं होतं, बोलत राहा. पद्मावहिनींनी सांगितलं होतं, पळा. ह्यातलं मला एकही आठवलं नाही. घरात काही झालं की जे मी करायचो, तेच मी केलं.

"चांगुणाऽऽऽ!"

स्टँडचा आवाज. पाच-सहा महिने आत कोंडलेला. कापड थरथरलं. अस्वल दचकून मागं झालं, खिसा मुळासकट उपटला गेला, आणि ते खिसा पंजात घेऊन, बोरीच्या जाळीतून धडधडत पळालं. त्याच वेळी आम्ही दोघं घाबरून पडद्यासकट अक्कांच्या बाजूला कोसळलो. तीन माणसांचा भार मागं गेला, मागचा दगड निसटला, गाडीनं पुढचं तोंड आभाळाकडं केलं, आणि आम्ही तिघं घसरत जाऊन मागच्या कापडातून माळावर पडलो. पडदा आमच्यासोबत आला. तो अक्कांच्या आणि आमच्या मधोमध नीट पडला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं अक्कांनी ते सगळ्या नरसीला सांगितलं.

मग एकदम शांत झालं. आणि टेकडीकडून हाक परत आली. "...गुणाऽऽ." मग पलीकडच्या टेकडीवरून, बारीक, कोणी तरी ओ देण्याआधी थांबावं तशी.

आम्ही जसे पडलो होतो तसे बसून ऐकत राहिलो. कोंडीबा गाडीखालून बाहेर आला, तोंडावरचं धोतर काढून म्हणाला, "साहेब, कोणाला हाक मारली?"

अक्का उठल्या. पदर नीट केला, उगवतीला पाहिलं. सूर्याची कड टेकडीवर नुकतीच आली होती, नखाएवढी.

अमृतराव अजून हसत आणि रडत होते, पण कायदा त्यांच्या अंगात होता. "हे धरता येणार न्हाई," ते म्हणाले. "नाव देवीला उद्देशून घेतलेलं न्हाई. अस्वलाला उद्देशून घेतलं."

"अस्वलाला न्हाई," अक्का म्हणाल्या. "तिलाच मारली हाक. आन् डोंगराला ऐकू गेलं का न्हाई? तुमाला ऐकू गेलं का न्हाई? मग झालं." आणि त्यांनी देवीपुढं जाऊन नारळ फोडला.

मी तिथंच बसलो होतो. मला अजून एकदा म्हणून बघावंसं वाटलं. म्हणालो. ह्या वेळी हळू आलं. हळू येतं मला, हे तिनं ऐकायला पाहिजे होतं.

मसाजी उन्हं वर आल्यावर आला. चौघांना मोजून तो जरा खट्टू झाल्यासारखा वाटला. मग त्यानं फाटलेलं कापड पाहिलं, नखांच्या खुणा पाहिल्या, आणि जिथं खिसा होता तिथं खाली वाकून काहीतरी उचललं. बोटभर गुळाचा खडा. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"हे औषध?" तो म्हणाला.

अमृतरावांनी टेकडीकडं पाहिलं. "साखर उतरली तर लागतो," ते म्हणाले.

"किती उतरली होती?"

"खिसाभर," अक्का म्हणाल्या.

मसाजीनं पंचनामा लिहिला. त्यात काय लिहावं ह्यावर अमृतराव त्याच्याशी उन्हं माथ्यावर येईपर्यंत वाद घालत होते. शेवटी असं ठरलं, की गूळ अज्ञात इसमाचा होता आणि अस्वल ज्ञात होतं. पळसावरच्या टोपल्याला रात्रभरात कोणी तोंड लावलं नव्हतं. अक्कांनी देवीला विचारलं, देवीनं मुक्या जनावराला चालेल असं सांगितलं, आणि उरलेले रोडगे कोंडीबाच्या बैलांनी ओढ्याच्या अलीकडंच संपवले. सगळ्या प्रवासात बिनतक्रार कोणी वागलं असेल तर ते दोघं.

बातमी आमच्या आधी हिंगोलीला पोचली. कशी पोचली ते मला माहीत नाही, ती एस. टी.नं आली असणार. पद्मावहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, जवळ गेल्या, आणि हुंगलं. पुढचं आम्ही ऐकलं नाही, कारण दार लागलं होतं; पण अमृतराव पुढचे काही दिवस ओट्यावर दिसले नाहीत.

माझीही सुटका झाली नाही. स्टँडवर गोपीचंदनं सगळ्या ड्रायव्हरांना करून दाखवलं. मी कट्ट्यावर आलो की कोणी तरी कोपऱ्यातून घुरघुरतं आणि दुसरा ओरडतो, "साहेब, आलं, आलं! वहिनींना बोलवा!" माणूस एवढ्या मोठ्या संकटातून जिवंत येतो, नवस फेडतो, आणि लोक काय लक्षात ठेवतात, की ह्यानं अस्वल आल्यावर बायकोला हाक मारली. मी आपलं काम करतो. आमच्या स्टँडवर पुकारायला माइक अजून आलेला नाही, म्हणून मी उभा राहतो आणि औंढ्याची गाडी स्वतः पुकारतो. गोपीचंदला पुन्हा पेट्या उचलायला लागतात, त्याचा तो राग आहे.

शंकरसिंगानं गाडी वापस घेतली नाही. त्यानं चीर पाहिली आणि म्हणाला, "अब तो दरवाजा बी हो गया. भाव बढ गया." ती आता आमच्या दारापुढंच आहे. कोंबड्या तिला शोधत आल्या.

परवा सकाळी माझा चष्मा सापडेना. फडताळात नाही, खुंटीवर नाही, पेपरखाली नाही. ड्यूटीची वेळ होत आलेली. मी चुलीपाशी उभा राहून हाक मारली, "चांगुणाऽऽ!"

मारल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तसाच उभा राहिलो.

भिंतीपलीकडं पद्मावहिनींचं भांडं घासणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, कपाळावर बघा."

चष्मा कपाळावर होता.

"आन् हळू," त्या म्हणाल्या. "हे स्टँड न्हाई."